पोलाद कारखान्यांचा ताबा, १९५२: अमेरिकी अध्यक्षांची सत्ता कुठे अडली आणि पुढे कुठून वळली

अमेरिकेच्या अध्यक्षाला नेमके किती अधिकार असतात, हे राज्यघटनेचा दुसरा अनुच्छेद वाचून कळत नाही. तो मजकूर जेमतेम दोन-तीन पानांचा आहे आणि दोनशेहून अधिक वर्षांत त्यातला फार थोडा भाग बदलला. सत्ता मात्र खूप बदलली. हा बदल कसा घडतो हे एका प्रकरणात जवळून दिसते. एप्रिल १९५२ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले आणि आठ आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने ते परत करायला लावले. 'ट्रुमन हरले' एवढाच धडा यातून काढला, तर त्यानंतरच्या सत्तर वर्षांचा अर्थ लागत नाही.

पार्श्वभूमी

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. ट्रुमन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांचा आधार घेऊन सैन्य पाठवले. काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, युद्धाची घोषणा मागितली नाही. ही बाब पुढे कोर्टात त्यांच्यावरच उलटली.

सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसने संरक्षण उत्पादन कायदा केला. त्यात वेतन आणि किमती बांधून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. चीन युद्धात उतरल्यावर १६ डिसेंबर १९५० रोजी ट्रुमन यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. महागाई आवरण्यासाठी दोन वेगळ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. पगारवाढीची शिफारस वेतन स्थिरीकरण मंडळ करणार आणि मालाची किंमत किंमत स्थिरीकरण कार्यालय ठरवणार. पेच इथूनच सुरू झाला. पगार आणि किंमत या कारखान्याच्या हिशोबात एकाच पानावर असतात, पण सरकारात त्यांची दोन दारे झाली होती.

खासगी कारखाने ताब्यात घेण्याचा प्रकार तेव्हा नवा नव्हता. जून १९४१ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडचा विमान कारखाना संपामुळे ताब्यात घेतला होता. १९४३ मध्ये काँग्रेसने त्यासाठी रीतसर कायदा केला, तोही रूझवेल्ट यांचा नकाराधिकार ओलांडून. १९४६ मध्ये ट्रुमन यांनी त्याच कायद्याने कोळसा खाणी आणि रेल्वे घेतली. युद्धोत्तर काळात तो कायदा संपला. १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली कामगार कायदा होताना ताब्याची तरतूद पुन्हा घालावी का, यावर चर्चा झाली आणि ती घातली गेली नाही. म्हणजे १९५२ साली अध्यक्षांच्या हाती सवय होती, पण त्या सवयीखालचा कायदा निघून गेला होता.

एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकी अध्यक्षांच्या 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला मराठी वर्तमानपत्रे बऱ्याचदा 'वटहुकूम' म्हणतात. ते चूक आहे. आपल्याकडचा वटहुकूम अनुच्छेद १२३ खाली निघतो, त्याला कायद्याचेच बळ असते आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास तो संपतो. अमेरिकी अध्यक्षांना असा कायदा करण्याचा अधिकारच नाही. त्यांचा आदेश हा प्रशासनाला दिलेला हुकूम असतो. त्याच्या मागे काँग्रेसचा एखादा कायदा किंवा घटनेतला एखादा अधिकार दाखवता आला पाहिजे. या प्रकरणात तो दाखवता आला नाही.

पेच

पोलाद कामगार संघटनेचा करार ३१ डिसेंबर १९५१ रोजी संपणार होता. संघटनेचे अध्यक्ष फिलिप मरे यांनी संपाची तयारी केली होती. ट्रुमन यांनी २२ डिसेंबरला वाद वेतन मंडळाकडे सोपवला आणि कामगारांना काम चालू ठेवण्याची विनंती केली. संघटनेने संप वेळोवेळी पुढे ढकलला. करार संपल्यापासून ८ एप्रिलपर्यंत एकूण ९९ दिवस कामगार विनाकरार काम करत राहिले. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण ट्रुमन यांचा पुढचा निर्णय बराचसा या ९९ दिवसांवर उभा होता.

२० मार्च १९५२ रोजी मंडळाने शिफारस केली. १ जानेवारीपासून तासाला साडेबारा सेंट, मग वर्षाच्या मध्यावर अडीच आणि पुढच्या जानेवारीत आणखी अडीच. शिवाय सुट्ट्या वगैरे धरून एकूण बोजा सुमारे २६ सेंटचा. सोबत 'युनियन शॉप'चीही शिफारस होती, म्हणजे कामावर घेतलेल्या प्रत्येकाने ठरावीक मुदतीत संघटनेचे सभासद व्हायचे. कंपन्यांना हे कलम मुळीच नको होते. पगार वाढवायचा तर टनामागे १२ डॉलर दर वाढवून द्या, असे त्यांनी सांगितले. प्रचलित नियमांनुसार दोन-तीन डॉलरच देता येतात, असे सरकारचे म्हणणे. संरक्षण उत्पादनाची सूत्रे हातात असलेले चार्ल्स विल्सन यांनी याच वादातून मार्चअखेर राजीनामा दिला.

४ एप्रिलला संघटनेने संपाची नोटीस दिली. झोतभट्टी दिव्यासारखी विझवता येत नाही. आत वितळलेले लोखंड गोठले तर भट्टीच निकामी होते, त्यामुळे ती टप्प्याटप्प्याने मंद करावी लागते आणि पुन्हा पूर्ण तापायलाही वेळ जातो. म्हणून संप ८ एप्रिलच्या मध्यरात्री सुरू व्हायचा असला, तरी उत्पादन त्याआधीच घसरू लागणार होते. पोलाद थांबले तर आघाडीवरच्या सैन्याला धोका पोचेल, असे संरक्षणमंत्री रॉबर्ट लोव्हेट यांचे मत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय टाफ्ट-हार्टली कायद्याचा. अध्यक्षांनी चौकशी मंडळ नेमायचे, त्याने केवळ वस्तुस्थिती मांडायची, शिफारस करायची नाही. मग ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, यांनी जिल्हा न्यायालयातून संपाविरुद्ध मनाई हुकूम घ्यायचा. ६० दिवसांनी मंडळाने पुन्हा अहवाल द्यायचा, पुढच्या १५ दिवसांत मालकांच्या शेवटच्या देकारावर कामगारांचे गुप्त मतदान आणि ५ दिवसांत निकाल. मिळून ८० दिवस. त्यानंतर मनाई उठते. हा कायदा ट्रुमन यांच्या नकाराधिकारावर मात करून झाला होता, तरी इतर संपांत त्यांनी तो वापरलाही होता. या वेळी त्यांचा आक्षेप असा की चौकशी मंडळाच्या अहवालापर्यंत कारखाने बंदच राहतील. शिवाय ज्या कामगारांनी सरकारच्या शब्दाखातर ९९ दिवस थांबून दाखवले, त्यांनाच कोर्टाच्या हुकमाने आणखी ८० दिवस बांधणे अन्याय्य आहे. या दुसऱ्या मुद्द्यात नैतिक वजन होते, पण कायदेशीर वजन काही नव्हते.

दुसरा पर्याय १९४८ च्या सक्तीच्या लष्करभरती कायद्यातले कलम १८. सरकारने कारखान्याला मागणी नोंदवायची, ती पुरी झाली नाही तर कारखाना घ्यायचा. तिसरा, संरक्षण उत्पादन कायद्याखाली मालमत्ता संपादन करायचा. कागदावर दोन्ही मार्ग होते, पण प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागली असती. बहुतेक पोलाद सरकार थेट घेतही नसे, ते कंत्राटदारांमार्फत जाई. तिसऱ्या मार्गाला सरकारने पुढे कोर्टात स्वतःच 'फार अवजड, गुंतागुंतीचा आणि वेळखाऊ' म्हटले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी नेमके तेच शब्द निकालात घेतले. कायद्यात वाट होती आणि ती तुम्हाला माहीत होती, हे त्यातून सरकारच्याच तोंडून सिद्ध झाले.

चौथा पर्याय काँग्रेसकडे जाऊन नवा अधिकार मागायचा. पाचवा, कायद्याचा आधार न दाखवता, अध्यक्ष आणि सरसेनापती या नात्याने ताबा घ्यायचा.

घेतलेला निर्णय

८ एप्रिलच्या रात्री साडेदहाला ट्रुमन आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरून बोलले. कंपन्यांच्या नफेखोरीवर त्यांनी कडक टीका केली. टनामागे साडेएकोणीस डॉलर नफा मिळत असताना आणखी बारा मागता, असा त्यांचा रोख होता. सोबत आदेश क्रमांक १०३४० निघाला. व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांना ८० हून अधिक कंपन्यांचे कारखाने ताब्यात घेण्यास सांगण्यात आले.

प्रत्यक्षात शिपाई गेले नाहीत की कुलपे लागली नाहीत. सॉयर यांनी कंपन्यांच्या अध्यक्षांनाच 'अमेरिकी सरकारच्या वतीने कामकाज पाहणारे व्यवस्थापक' नेमले. कालचेच साहेब, तेच टेबल, तोच शिक्का. हुकूम मात्र आता सरकारचा. संप मागे घेतला गेला आणि भट्ट्या चालू राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रुमन यांनी काँग्रेसला कळवले. बारा दिवसांनी पुन्हा पत्र लिहिले आणि काँग्रेसने वेगळा मार्ग सुचवल्यास तो पाळू असे सांगितले. काँग्रेसने होकार दिला नाही की नकारही.

ताबा घेतल्याचा खरा उपयोग दोन्ही बाजूंवर दबाव आणण्यात होता. सरकार मालक झाल्यावर पगारवाढ सरकार लावू शकत होते आणि त्या भीतीने कंपन्या बोलणीला आल्या असत्या. पण सॉयर यांना ते करण्याची घाई नव्हती. तीन आठवडे गेले तरी पगारवाढीचा आदेश निघाला नाही. एवढे मोठे घटनात्मक पाऊल उचलायचे आणि त्याचा दबाव वापरायचाच नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत कमी चर्चिलेले अपयश वाटते.

कोर्टात

कंपन्यांचे वकील भाषण संपल्यावर त्याच रात्री न्यायाधीशांच्या घरी पोचले. ९ एप्रिलला तातडीची मनाई नाकारली गेली. मुख्य सुनावणी २४ एप्रिलला न्यायाधीश डेव्हिड पाइन यांच्यापुढे सुरू झाली आणि सरकारची बाजू तिथे कोसळली.

सरकारतर्फे सहायक ॲटर्नी जनरल होम्स बाल्ड्रिज उभे होते. सरकारला मर्यादित भूमिका घेता आली असती. आणीबाणी आहे, ताबा तात्पुरता आहे, काँग्रेसला कळवले आहे आणि कंपन्यांचे नुकसान पैशाने भरून देता येईल, एवढे पुरे होते. त्याऐवजी अध्यक्षांच्या सत्तेला निवडणूक आणि महाभियोग या दोनच मर्यादा आहेत, अशा अर्थाचा युक्तिवाद झाला. पाइन यांनी खोदून विचारले. राज्यघटनेने काँग्रेसच्या आणि न्यायसंस्थेच्या अधिकारांना मर्यादा घातल्या, पण कार्यकारी सत्तेला घातल्या नाहीत, असे तुमचे म्हणणे आहे का? आम्ही दुसरा अनुच्छेद असाच वाचतो, असे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हे उत्तर ठळकपणे आले. त्याआधी १७ एप्रिलला पत्रकार परिषदेत ट्रुमन यांना विचारले गेले होते की हाच न्याय लावून तुम्ही वर्तमानपत्रे आणि रेडिओ केंद्रेही ताब्यात घेऊ शकता का. त्यांनी स्पष्ट 'नाही' म्हटले नव्हते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावर लोकांच्या लेखी प्रश्न पोलादाचा राहिला नाही. अध्यक्षांचे अधिकार घटनेतून येतात आणि घटनेनेच मर्यादित आहेत, असे ट्रुमन यांनी नंतर जाहीर केले, पण तोवर उशीर झाला होता.

२९ एप्रिलला पाइन यांनी ताबा बेकायदा ठरवला. कामगार लगेच संपावर गेले. अपील न्यायालयाने दुसऱ्या दिवशी ५ विरुद्ध ४ मतांनी स्थगिती दिली आणि ट्रुमन यांच्या विनंतीवरून २ मे रोजी संप थांबला. ३ मे रोजी व्हाइट हाउसमध्ये दोन्ही पक्षांची बोलणी चालू होती. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दाखल करून घेतले आणि निकालापर्यंत सरकारने पगार बदलू नयेत अशी अट घातली. कंपन्यांवरचा दबाव तिथेच संपला आणि बोलणी फिसकटली.

निकाल

१२ आणि १३ मे रोजी युक्तिवाद झाले. कंपन्यांतर्फे जॉन डब्ल्यू. डेव्हिस उभे होते, १९२४ चे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार. २ जूनला निकाल आला: ६ विरुद्ध ३, ट्रुमन यांच्या विरोधात. नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते. बहुमतातले टॉम क्लार्क पूर्वी ट्रुमन यांचेच ॲटर्नी जनरल होते. रॉबर्ट जॅक्सन यांनी तर १९४१ मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून इंगलवूडच्या ताब्याचे समर्थन केले होते.

एकंदर सात निकालपत्रे लिहिली गेली. ब्लॅक यांचे मुख्य निकालपत्र सरळ आहे: अधिकार कायद्यातून किंवा घटनेतून आला पाहिजे, इथे दोन्ही नाही, आणि देशातले कामगार-तंटे मिटवणे हे सरसेनापतीचे काम नाही. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी १९४७ कडे बोट दाखवले. काँग्रेसने विचार करून हा अधिकार दिला नाही, मग तो आपोआप कसा येईल? मतभेद नोंदवणारे सरन्यायाधीश व्हिन्सन यांचे म्हणणे असे की अध्यक्ष काँग्रेसने मंजूर केलेले संरक्षण कार्यक्रमच राबवत होते आणि आणीबाणीत त्यांना नुसता निरोप्या बनवून चालत नाही. हे मतही एकदा शांतपणे वाचावे, कारण पुढचे बहुतेक अध्यक्ष व्हिन्सन यांच्याच सुरात बोलले आहेत.

काळाच्या ओघात टिकले ते जॅक्सन यांचे निकालपत्र. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. अध्यक्ष काँग्रेसच्या संमतीने वागतात तेव्हा त्यांची सत्ता सर्वाधिक. काँग्रेस गप्प असते तेव्हा संधिप्रकाश, तिथे प्रसंग पाहून ठरवावे लागते. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागतात तेव्हा सत्ता सर्वांत क्षीण. पोलादाचे प्रकरण त्यांनी तिसऱ्या पायरीवर ठेवले. कोरियाबद्दलही ते स्पष्ट बोलले. अध्यक्षाने स्वतःच परदेशात सैन्य पाठवायचे आणि मग त्या सैन्याच्या नावाने देशांतर्गत सत्ता वाढवायची, याहून धोकादायक सिद्धांत दुसरा नाही. आणि सत्ता हातातून निसटू द्यायची की नाही, हे शेवटी काँग्रेसच ठरवू शकते.

परिणाम

ट्रुमन यांनी त्याच दिवशी कारखाने परत केले. संप लगेच सुरू झाला आणि ५३ दिवस चालला. १० जूनला त्यांनी काँग्रेसकडे ताब्याचा अधिकार मागितला. काँग्रेसने उलट टाफ्ट-हार्टली वापरा असे सुचवले, ते त्यांनी केले नाही. २४ जुलैला तडजोड झाली. पगार मंडळाच्या शिफारशीपेक्षा थोडा कमी आणि पोलादाचा दर टनामागे ५ डॉलर २० सेंटने जास्त. सरकार सुरुवातीला जेवढे देत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि कंपन्या मागत होत्या त्याच्या निम्म्याहून कमी.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा मार्चमधली. पगाराची शिफारस जाहीर करण्यापूर्वी दराचा आकडा सरकारच्या दोन्ही कार्यालयांनी एकत्र बसून ठरवायला हवा होता. पाच डॉलर शेवटी द्यावेच लागले. ते आधी दिले असते तर महागाई-नियंत्रणाला तडा गेला असता हे खरे, पण तो नंतरही गेलाच, वर ५३ दिवसांचे पोलाद बुडाले.

दुसरी जागा ४ ते ८ एप्रिल. नोटीस आल्याच्या दिवशीच चौकशी मंडळ नेमले असते, तर संपाचे मोजके दिवस जाऊन मनाई मिळाली असती. काँग्रेसकडे जायला वेळ नव्हता, हे म्हणणे मला पटत नाही. मे १९४६ मध्ये रेल्वे संपाच्या वेळी याच ट्रुमन यांनी काँग्रेससमोर जाऊन संपकऱ्यांना लष्करात भरती करण्याचा अधिकार मागितला, आणि प्रतिनिधीगृहाने त्याच दिवशी तो ३०६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. पुढे सिनेटने तो अडवला आणि ते बरेच झाले. पण मत मागितले तर काँग्रेस एका दिवसात मत देऊ शकते, एवढे त्यातून दिसले होते. ताबा घेण्याआधी मागणे आणि घेतल्यावर कळवणे, यांत कायद्याच्या दृष्टीने पायरी बदलते. 'हो' आले असते तर ट्रुमन पहिल्या पायरीवर गेले असते.

तिसरी जागा कोर्टातली. छोटा दावा केला असता तर कदाचित छोटाच निकाल लागला असता.

पुढची वाटचाल

त्यानंतरच्या अध्यक्षांनी हे प्रकरण बारकाईने वाचले. १५ जुलै १९५९ रोजी सुमारे पाच लाख पोलाद कामगार संपावर गेले तेव्हा आयझेनहॉवर यांनी ताब्याचा विचारही केला नाही. ऑक्टोबरमध्ये टाफ्ट-हार्टली वापरला, आणि ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो उचलून धरला. तोच उद्योग, तीच संघटना, पण हाती कायदा. एप्रिल १९६२ मध्ये सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने टनामागे ६ डॉलर दरवाढ जाहीर केली. केनेडी यांनी जाहीर टीका, मक्तेदारीविरोधी चौकशी आणि संरक्षण खात्याची खरेदी दुसरीकडे वळवण्याचा इशारा एकत्र वापरले. तीन दिवसांत दरवाढ मागे घेतली गेली.

म्हणजे सत्ता कमी झाली नाही, तिचा रस्ता बदलला. 'माझ्यात अंगभूत अधिकार आहे' असे म्हणण्याऐवजी व्हाइट हाउसचे वकील आधी कायदा शोधू लागले, मग तो कितीही जुना असो. १९७३ मध्ये सिनेटच्या एका विशेष समितीने मोजदाद केली तेव्हा आणीबाणीत अध्यक्षांना अधिकार देणाऱ्या सुमारे ४७० तरतुदी सापडल्या. ट्रुमन यांनी डिसेंबर १९५० मध्ये कोरियासाठी जाहीर केलेली आणीबाणी तेव्हाही कागदोपत्री चालू होती.

१९८१ मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेच्या कराराचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने जॅक्सन यांच्याच पायऱ्या वापरून निकाल अध्यक्षांच्या बाजूने दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट १९५२ मध्ये जॅक्सन यांचे विधी-सहायक होते. २०२३ मध्ये विद्यार्थी-कर्जमाफीचा खटला चालला तोही २००३ च्या एका कायद्याचे शब्द कुठवर ताणता येतात यावर, आणि त्यात बायडेन ६ विरुद्ध ३ ने हरले.

काँग्रेसने दिलेला अधिकार परत घेणे किती अवघड, हे मात्र १९५२ मध्ये कुणाच्या ध्यानात नव्हते. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने आणीबाणी संपवण्याची सोय होती. १९८३ च्या चढ्ढा खटल्यात अशा ठरावांना अध्यक्षांची सही लागतेच असे ठरले आणि ती सोय गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीच्या पैशासाठी आणीबाणी जाहीर केली. ती रद्द करण्याचा ठराव प्रतिनिधीगृहात २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. १५ मार्चला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो ओलांडायला दोन तृतीयांश मते हवी होती. प्रतिनिधीगृहात २४८ विरुद्ध १८१ झाले, ३८ मते कमी पडली, आणि आणीबाणी चालू राहिली.